पाठमोरी मदर

मिलवॉकी
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय टीनीमावशी,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नका, आत फोटो आहेत. आजी म्हणाली, "माझ्या बहिणीचा फोन अजून भिंतीला टांगलेला आहे, त्याला काय फोटो दिसणार? कागदावर पाठव. आणि सोबत चार ओळी लिही, नाहीतर टीनी म्हणेल लव्हर्नच्या नातीला वळण नाही." म्हणून लिहितेय. वळण आहे हो मला.

दर शनिवारी लायब्ररीच्या तळघरात आम्ही पोरी जमतो. सगळ्या काळ्या, सगळ्या याच भागातल्या, माझ्याच वयाच्या. मिस ऑड्रा म्हणून एक बाई आहेत, त्या हे चालवतात. त्यांनी प्रत्येकीला एक कॅमेरा दिलाय, खराखुरा, गळ्यात अडकवायचा. प्रश्न दर आठवड्याला एकच: तुला बरं कशानं वाटतं आणि कशानं वाटत नाही? उत्तर फोटोनं द्यायचं. मग शनिवारी गोल बसून एकमेकींचे फोटो बघायचे आणि बोलायचं. आधी मला वाटलं, झालं, शनिवारची पण शाळा. पण मावशी, शाळेत मी बोलले तर "आवाज खाली" आणि गप्प बसले तर "तोंड का फुगवलंस?" इथे तसं नाही. इथे ब्रिएल नावाची एक पोरगी आहे, ती एवढ्या मोठ्यानं हसते की वरून लायब्ररीवाल्या बाई खाली डोकावतात. तरी तिला कुणी गप्प करत नाही.

गोल आरशाचा फोटो औषधाच्या दुकानातला आहे. आरशात लांबट दिसतेय ती मी, आणि मागे निळी बाही आहे ती दुकानाच्या रखवालदाराची. मी शाम्पू बघत होते, तो मला बघत होता. हा "बरं वाटत नाही" मधला. रंगीत मणी आहेत ते धाकटीच्या वेण्यांचे, धुऊन टॉवेलवर वाळत घातलेत. हा "बरं वाटतं" मधला. आणि पाण्यात हात आहेत ते आजीचे. कोलार्डची पालेभाजी धुतेय.

चेहरा एकाही फोटोत नाही, पण ते माझं चुकलेलं नाही. मिस ऑड्रांचा नियम आहे, कुणाचा चेहरा घ्यायचा तर आधी विचारायचं आणि तो माणूस हो म्हणाला तरच घ्यायचा. आता प्रत्येकाला कोण विचारत बसणार? ब्रिएल म्हणाली, हात काढा, पाय काढा, पाठी काढा, कटकटच नको. तेव्हापासून आम्ही सगळ्या हात-पाय-पाठवाल्या.

आजी तर कॅमेरा दिसला की एकच म्हणते, "जाऊ दे बाई, कॅमेऱ्याला मी दिसत नाही," आणि हसत सुटते. म्हणजे काय, विचारलं की भांडी घासायला लागते. तुम्हाला माहीत असेल ना?

तुमची,
टॅमिया


हेलेना, आर्कान्सॉ
२९ ऑक्टोबर २०१८

टॅमिया बेबी,

आशीर्वाद. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगणात उकरल्यासारखं, पण वाचलं सगळं, दोनदा वाचलं. फोटो फ्रिजवर लावलेत. शेजारची रोझेटा येऊन बघून गेली आणि म्हणाली, हे हात तर लव्हर्नचे! पन्नास वर्षं झाली तिला हेलेना सोडून, तरी हातावरून ओळखलं बघ. मात्र भाजीचे देठ ती अजून ठेवते हे फोटोत स्वच्छ दिसतंय. आमच्या आईनं दोघींना एकाच परातीत शिकवलं, तरी ही अशीच. सांग तिला मी म्हटलं म्हणून.

आता तुझा प्रश्न. हसून सांगायची गोष्ट नाही, पण आमच्या घरात ती हसूनच सांगतात.

आम्ही लहान असताना जत्रेत एक फोटोवाला यायचा. बाबांनी आम्हा दोघींना त्याच्यापुढे उभं केलं. मी आईसारखी फिकट, लव्हर्न बाबांसारखी काळीभोर, आणि त्या काळच्या फिल्मा गोऱ्या तोंडांसाठी केलेल्या. फोटो धुऊन आला तर त्यात मी होते, आणि माझ्या शेजारी एक फ्रॉक उभा होता. फ्रॉकच्या वर काळोख आणि त्यात दात. बिचारी मनापासून हसली होती ना, म्हणून दात आले. आमचा काका म्हणाला, "अरे, लव्हर्न कुठं गेली? फ्रॉक एकटाच आला की!" सगळे हसले. लव्हर्न सगळ्यांत जास्त हसली. तेव्हापासून कुणी कॅमेरा काढला की ती दुसऱ्याच्या आधी आपणच म्हणते, कॅमेऱ्याला मी दिसत नाही.

म्हणून सांगते बेबी, तिच्या चेहऱ्याच्या मागे लागू नकोस. विचारूही नकोस. ती हसेल आणि नंतर दोन दिवस बोलणार नाही, मी हे पाहिलंय. हात काढ तिचे. हात सुंदर आहेत.

मिस ऑड्रांना माझा नमस्कार सांग. आणि त्या दुकानात पुन्हा जाशील तेव्हा ताठ चाल.

तुझी,
टीनीमावशी


मिलवॉकी
९ डिसेंबर २०१८

प्रिय टीनीमावशी,

देठांचं सांगितलं. आजी म्हणाली, "टीनीच्या भाजीत देठ नसतात आणि चवही नसते." मी फक्त निरोप्या, मला मध्ये घेऊ नका.

मोठी बातमी तिनं तुम्हाला फोनवर ओरडून सांगितली असेलच. जानेवारीच्या पहिल्या रविवारी आजी चर्चची मदर होणार! मदर लव्हर्न ट्रॉटर. म्हणजे आता चर्चच्या मानाच्या म्हाताऱ्यांमध्ये! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालून पुढच्या बाकावर बसायचं, आणि पास्टरांचं प्रवचन लांबलं की नुसतं खाकरायचं, की ते आटोपतात. खालच्या हॉलमध्ये जेवायला बसतो ना आम्ही, तिथल्या भिंतीवर सगळ्या मदरचे फोटो आहेत. मेलेल्या, जिवंत, सगळ्या. आजीचाही लागणार. पास्टरांचा चुलतभाऊ काढतो ते फोटो, त्यात सगळ्याजणी दचकल्यासारख्या दिसतात.

आणि हॅट आलीय! शिकागोहून मागवली. पांढरीशुभ्र, एवढी रुंद की चर्चच्या व्हॅनच्या दारातून आडवी न्यावी लागेल, एका बाजूला जाळी आणि मागे मोठी सॅटिनची फीत. आता गंमत ऐका. जानेवारीपर्यंत ती बाहेर घालता येत नाही, मदर झाल्याशिवाय शोभत नाही म्हणे. तर आमच्या बाईसाहेब ती घरातल्या घरात घालतात! दर रविवारी व्हॅन यायच्या कितीतरी आधी तयार होऊन, पावडर लावून, लिपस्टिक लावून, पुढच्या खिडकीपाशी खुर्चीत बसते. डोक्यावर ती पांढरी हॅट. व्हॅनचा भोंगा वाजला की हॅट खोक्यात आणि रोजची काळी डोक्यावर. आई म्हणते, म्हातारी सराव करतेय.

दोन रविवारांपूर्वी मी कॅमेरा घेऊन तिथेच घुटमळत होते. आजी म्हणाली, "टॅमिया, इथे उजेड चांगला पडतो, नाही?" मी म्हटलं, "हो, एकदम मस्त." आणि खिडकीतल्या तिच्या कुंडीचा फोटो काढला. छान आलाय, पाठवतेय. मग ती म्हणाली, "तुमच्या त्या लायब्ररीत माणसांचे फोटो चालतात की नुसत्या झाडपाल्याचे?" मला तुमचं पत्र आठवलं. मी तिला म्हटलं, "आजी, तू अजिबात काळजी करू नकोस. तुझ्या तोंडापुढे मी कॅमेरा आणणार नाही, शपथ." ती म्हणाली, "शहाणी आहेस." आणि टाचण्या काढून हॅट ठेवून दिली. त्या दिवशी व्हॅन यायला वेळ होता तरी.

पण हॅटचा मोह काही आवरला नाही मला. गेल्या रविवारी ती खिडकीबाहेर बघत होती तेव्हा मागून हळूच काढला. पाठ, मान, मानेवरचे बारीक पांढरे केस आणि ती हॅट. तिला तेव्हा कळलंही नाही, नंतर दाखवला. तोही पाठवतेय. मिस ऑड्रा म्हणाल्या, हा प्रदर्शनात लावू या. एप्रिलमध्ये लायब्ररीत आमचं प्रदर्शन आहे! तुम्ही याल?

तुमची,
टॅमिया


हेलेना
१२ जानेवारी २०१९

टॅमिया बेबी,

मदरच्या नातीला आशीर्वाद. त्या रविवारी यायचं फार मनात होतं गं. पिशवी भरून ठेवली होती, पण गुडघ्यानं ऐन वेळी दगा दिला आणि बसमध्ये एवढा वेळ पाय दुमडून बसवलं नसतं. रोझेटाला घेऊन चर्चमध्ये गेले, आणि तिकडे लव्हर्न उभी राहिली असेल त्या वेळी इकडे मीही उभी राहिले. लोक बघत होते. बघू देत.

लव्हर्नचा फोन आला होता. हॅटचं एवढं कौतुक केलं तिनं की मी म्हटलं, मदर तू झालीस की हॅट? तुझंही नाव निघालं. काय निघालं ते आम्हा बहिणींचं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या मनात काहीबाही येत असतं, मी तिची समजूत घातलीय. तू करतेस तशीच कर, तुझं बरोबर चाललंय.

हॅटचा मागून काढलेला फोटो बघून मला रडू आलं. आमच्या आईची मान अशीच होती. त्या दिवशीचे फोटो पाठव, कुणी काढले असतील तर.

प्रदर्शनाला यायचं बघते. गुडघा काय म्हणतो त्यावर आहे.

तुझी,
टीनीमावशी


मिलवॉकी
१७ फेब्रुवारी २०१९

टीनीमावशी,

आईनं फोन केला होता, पण ती म्हणाली तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून लिहितेय.

मंगळवारी सकाळी आजी ग्रिट्सची लापशी ढवळत होती आणि चमचा पडला. मी म्हटलं, राहू दे, मी उचलते. तिनं उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. मी वर बघितलं तर तिचा चेहरा एका बाजूनं खाली घसरला होता. ॲम्ब्युलन्स आली, बर्फात अडकली, पण आली. डॉक्टर म्हणतात मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, जीव वाचला. उजवा हात उचलत नाही. बोलते, पण तोंडात काहीतरी ठेवून बोलल्यासारखं. चेहऱ्याची उजवी बाजू तशीच आहे, पडलेली. ती परत येईल असं कुणी म्हणत नाहीये.

हॉस्पिटलच्या खोलीत आरसा होता. तिनं डाव्या हातानं दाखवून नर्सला त्यावर टॉवेल टाकायला लावला.

तुम्ही त्या दिवशीचे फोटो मागितले होते. मी मदरच्या बुटांचा काढला होता, ओळीत सगळे पांढरे बूट. आजीचे डावीकडून तिसरे. पाठवतेय.

टॅमिया


हेलेना
२३ फेब्रुवारी २०१९

टॅमिया बेबी,

तुझं पत्र आल्यापासून माझा हात कशालाच लागत नाही. रोज सकाळी तुझ्या आईला फोन लावते आणि अर्धंमुर्धं ऐकते. लव्हर्नला फोन दिला तर ती बोलत नाही, नुसता श्वास येतो. मी इकडून बोलत राहते, भाजीचं, रोझेटाचं. देठांवरून भांडायला बघितलं, तरी नाही बोलली.

तू तिच्या शेजारी बसत जा. तुझा हात तिच्या हातात दे. कॅमेरा टाकून देऊ नकोस, ते तिला आवडणार नाही.

देव आहे.

टीनीमावशी


मिलवॉकी
१४ एप्रिल २०१९

टीनीमावशी,

काल आमचं प्रदर्शन झालं. तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं, कारण काल मी तुमच्याशी नीट बोलले नसते. आजही बोलेन की नाही माहीत नाही.

मधल्या भिंतीवर माझे फोटो होते. आजीचे हात, आजीचे बूट, कुंडी, आणि सगळ्यांत मोठा करून तो हॅटवाला. लोक त्याच्यापुढे थांबत होते. एक पाहुणी बाई मला म्हणाली, किती आदरानं काढलायस, चेहरा न दाखवता सगळी बाई दाखवलीस. मी थँक्यू म्हटलं. मला फार भारी वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आजी आली नव्हती, ती आता कुठेच येत नाही.

मग चर्चच्या मदर पेटिफोर्ड आल्या, काठी टेकत. बराच वेळ बघितलं त्यांनी, आणि म्हणाल्या, "छान आहे पोरी. पण भिंतीवरचा कुठाय?"

मी म्हटलं, "कुठला, मॅम?"

"अगं, हॉलमधल्या भिंतीवरचा! लव्हर्नचा. पास्टरांच्या भावानं तारीख दिली होती तिला डिसेंबरात, तर म्हणाली, मला नको तो दचकवणारा. माझ्या घरात फोटोग्राफर आहे, माझी नात काढणार. सगळ्यांना सांगत सुटली होती. आम्हाला वीट आला ऐकून. मग काढलास ना? आजारी पडायच्या आधी काढलास ना?"

मावशी, मी बाथरूममध्ये जाऊन बसले. ब्रिएल दारावर थापा मारत होती.

खिडकी. पावडर. लिपस्टिक. इथे उजेड चांगला पडतो, नाही? मी स्वतः तुम्हाला लिहिलं होतं, गंमत म्हणून लिहिलं होतं. ती दर रविवारी तयार होऊन माझ्यासमोर बसत होती आणि मी कुंडीचे फोटो काढत होते. मी तिला शपथ घेऊन सांगितलं की तुझं तोंड मी काढणार नाही! आणि ती म्हणाली शहाणी आहेस. आई म्हणते फोनमध्ये आहेत ना तिचे फोटो. आहेत. सगळ्यांत ती हलतेय, नाहीतर तोंडावर हात आहे, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे आहे. एक लायसन्सवरचा आहे, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. तिचा स्वतःचा चेहरा, तिला हवा होता तसा, कुठेच नाही आता. आणि तो चेहराही नाही.

मिस ऑड्रांचा नियम चेहरे काढू नका असा नव्हताच. विचारा असा होता. आम्हाला विचारायचा कंटाळा आला, एवढंच. पण मी आजीला विचारणार होते. खरंच विचारणार होते, ऑक्टोबरात. मग तुमचं पत्र आलं. विचारूही नकोस, तुम्ही लिहिलं होतं. माझ्याकडे आहे ते.

तुम्ही तिची बहीण आहात. तुम्हाला माहीत असायला हवं होतं.

टॅमिया


हेलेना
२५ एप्रिल २०१९

टॅमिया,

बरोबर आहे तुझं. मला माहीत असायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर जानेवारीपासून मला माहीत होतं.

तेव्हा तुला लिहिलं होतं ना, लव्हर्नचा फोन आला, तुझं नाव निघालं, काय ते आम्हा बहिणींचं आहे? तर ते हे. हॅटचं बोलून झाल्यावर ती एकदम हळू बोलायला लागली. मला फोनवर हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी म्हटलं, मोठ्यानं बोल. तर ती मोठ्यानं म्हणाली, घरात सगळ्यांनी ऐकलं असेल की काय कोण जाणे, "टीने, पोरीला माझं तोंड आवडत नाही का गं? ती माझे हात काढते, बूट काढते, पाठ काढते. माझ्याकडे बघायचंही टाळते कॅमेऱ्यातून."

आणि मी काय केलं? मी हसले. म्हटलं, "अगं वेडे, तूच जन्मभर म्हणतेस ना कॅमेऱ्याला मी दिसत नाही? पोरगी तुझं मन जपतेय." ती म्हणाली, "हो का? बरं." आणि देठांचं काहीतरी बोलून फोन ठेवला.

मला वाटलं, समजूत पटली. तुला कळवलं नाही, कारण तुला लागलं असतं. आणि माझं चुकलंय असं मला वाटलंच नाही. साठ वर्षं ती एकच विनोद करत होती आणि साठ वर्षं मी तो खरा धरून चालले. तो विनोद नव्हता गं. ती कुणीतरी "नाही, दिसतेस की!" म्हणायची वाट बघत होती. जत्रेतल्या त्या फोटोत मी दिसत होते, मला काय कळणार? नुसतं मोठ्या बहिणीसारखं शहाणपण शिकवलं, तुला आणि तिला, दोघींना. नुसतं "विचार तिला" एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

माफ कर असं लिहिणार होते, पण ते तू करायचं की नाही ते तुझ्याकडे. लव्हर्नची माफी मी फोनवर मागितली. तिकडून श्वास आला फक्त.

तो जत्रेतला फोटो सोबत पाठवतेय. माझ्याकडे ठेववत नाही आता. तिला दे, नाहीतर फाडून टाक, तुला वाटेल ते कर.

आणि एक. उशीर झालाय, पण तरी तिला विचार. तिच्या तोंडावर, समोर बसून विचार. ती नाही म्हणेल. तरी विचार.

टीनी


मिलवॉकी
९ जून २०१९

प्रिय टीनीमावशी,

उत्तर द्यायला एवढा वेळ लावला. आधी राग होता, मग राग गेला आणि काय लिहायचं ते कळेना. तुमच्या सहीत नुसतं "टीनी" बघून मला कसंतरी झालं. तुम्ही टीनीमावशीच आहात.

जत्रेतला फोटो मी आजीला दिला. तिनं तो मांडीवर ठेवून खूप वेळ बघितला. मग डाव्या हाताचं बोट त्या काळोखावर ठेवलं, आणि हळूहळू, एकेक शब्द लावून म्हणाली, "ही हसतेय. बघ. किती हसतेय."

मी खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि बसले. मी म्हटलं, "आजी, मी तुझ्या चेहऱ्याचा फोटो काढू का?"

ती म्हणाली, "विचारलंस."

मी म्हटलं, "हो. मला आधी विचारायचं होतं गं. मला वाटलं तुला आवडत नाही. मला तू आवडतेस, तुझं तोंड आवडतं, माझं तोंड तुझ्यासारखंच आहे, आई म्हणते." असं काय काय बोलले, रडत बोलले, तिला किती कळलं माहीत नाही. तिनं डाव्या हातानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात. आणि म्हणाली, "मी वाट बघितली. खिडकीत." मग मान हलवली. "आता नको. ती बाई गेली."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पण भिंतीवर काहीतरी लागायला हवंच होतं. मदर पेटिफोर्ड सारख्या निरोप पाठवत होत्या. आजीनं मला सगळे फोटो आणायला लावले, प्रदर्शनातले, आणि पलंगावर मांडायला लावले. हात, बूट, कुंडी. मग हॅटवाल्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "आजी, हा पाठमोरा आहे. भिंतीवर पाठमोरा कुणी लावत नाही." तर ती काय म्हणाली माहितीय? चांगल्या बाजूनं हसत म्हणाली, "यात माझं तोंड वाकडं नाही." आई खोलीबाहेर निघून गेली. मी हसले, कारण तिला हसवायचं होतं मला. ती पुन्हा तेच करत होती मावशी, दुसऱ्याच्या आधी आपणच म्हणायचं. ते मला कळलं, आणि तरी मी हसले.

चर्चमध्ये थोडी खळखळ झाली. चर्चचा कारभार बघणारे डीकन म्हणाले, मदरनं मंडळीकडे बघायला हवं, भिंतीकडे कसं? मदर पेटिफोर्डनी काठी आपटली आणि म्हणाल्या, लव्हर्ननं निवडलाय, लागेल. आणि लागला. मे महिन्यातल्या मदर्स डेला, जेवणाच्या आधी.

त्या दिवशी आजी आली. व्हॅनमध्ये हॅट खरंच आडवी न्यावी लागली. आता ती दर रविवारी येते, आणि जेवताना मी तिच्या उजव्या बाजूला बसते, तिकडचं सांडतं म्हणून. समोर ती भिंत असते. सगळ्या मदर आमच्या ताटांकडे बघतात, दचकून का होईना, पण बघतात. एकटी माझी आजी पलीकडे बघत बसलेली. नवीन आलेले लोक विचारतात, हा कुणी काढला, किती सुंदर आहे. आई माझ्याकडे बोट दाखवते, आणि मी थँक्यू म्हणते.

लोक फार बघायला लागले की आजी तोंडावर रुमाल धरते. मी बघितलं तरी धरते. म्हणून मी तिच्याकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघते, त्या मानेकडे, त्या बारीक पांढऱ्या केसांकडे. आणि दर रविवारी माझ्या अगदी ओठांवर येतं, "आजी, इकडे बघ." खिडकीपाशी तेवढंच तर म्हणायचं होतं.

तुमचीच,
टॅमिया